आमराई आणि छोटा कॅमेरा

लखनौच्या वायव्येस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर मलिहाबाद हे गाव आहे. उर्दू कवी जोश मलिहाबादी यांच्यामुळे साहित्यप्रेमी मंडळींस ते नाव परिचित असते. पण उत्तर हिंदुस्थानात मलिहाबाद म्हटले की लोकांच्या मनात येतो तो दशहरी आंबा. २००९ साली मलिहाबादी दशहरीची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदणी झाली. या जातीचे मूळ झाड म्हणून जे दाखविले जाते, ते जवळच्याच काकोरी भागातील दशहरी गावी आहे. त्याच टापूत रहमानखेडा येथे उपोष्ण कटिबंधातील फळझाडांचा अभ्यास करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे. हापूस श्रेष्ठ की दशहरी श्रेष्ठ, या वादात मराठी वाचकाचा कौल कोणीकडे पडेल हे सांगावयास नकोच. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. अशा एखाद्या आमराईचा चित्रमय वृत्तांत शाळेतील मुलांनी ठेवावयाचे ठरविले आणि तो फिल्मवरच ठेवावयाचा असेल, तर लहान फिल्मच्या अनेक प्रकारांपैकी कोणता प्रकार हाती धरावा, आणि त्या कॅमेऱ्याच्या ज्या सोयींची जाहिरातीत वाखाणणी होत आली, त्यांतील किती सोयी खऱ्या समजाव्यात?

कॅमेऱ्याची परीक्षा सहसा समुद्रकिनारी, सहलीत किंवा वाढदिवसाच्या मेजापाशी होते. तेथे बहुतेक कॅमेरे उत्तीर्ण होतात. आमराई ही अधिक कठोर परीक्षक आहे. तिच्यात भर दुपारीही दाट सावली असते आणि त्या सावलीत उन्हाचे कवडसे पडलेले असतात. जे पाहावयाचे ते बारीक असते. मोहोराचा एक तुरा वीतभर लांबीचा असला, तरी त्यातील एकेक फूल जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर असते, आणि त्या मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे फुलाहून मोठे नसतात. शिवाय दशहरी ही वर्षाआड भरघोस फळणारी जात आहे. एका हंगामाची चित्रे पाहून तिच्याविषयी काही ठरविणे म्हणजे एकाच दिवसाचे तापमान पाहून हवामान सांगण्यासारखे होय. त्याच झाडाचे, त्याच जागेवरून, निदान चार-सहा वर्षे चित्र घेत राहावे लागते. जुन्या, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या बागांची भारी छाटणी करून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचे तंत्र रहमानखेड्याच्या संस्थेने प्रचारात आणले आहे. छाटलेले झाड पुन्हा फळावर येईपर्यंतचा क्रम नोंदवावयाचा झाल्यासही काही वर्षे लागतात. अर्थात, आज घेतलेल्या कॅमेऱ्याची फिल्म दहा वर्षांनी मिळेल काय, हा प्रश्न येथे गौण राहत नाही.

रोपाची वाढ फिल्मवर नोंदविण्याची कल्पना मराठी माणसास नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार केला होता. कुंडीत वाटाणा पेरून ते रोज त्याचे चित्र घेत गेले आणि अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकाला मिनिटभरात दिसली. या चित्रपटाची आठवण बहुधा फाळक्यांच्या धडाडीचे उदाहरण म्हणून काढली जाते. तिच्यात छायाचित्रणाचा जो धडा आहे, तो मात्र मागे राहतो. फाळक्यांनी वापरली ती ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली चित्रपटाची फिल्म. तिच्यावरील एकेक चित्र सुमारे १८ मि.मी. उंच आणि २४ मि.मी. रुंद असे. पुढे जर्मनीतील ओस्कार बार्नाक या तंत्रज्ञाने हीच फिल्म उभी न चालविता आडवी चालविली, दोन चित्रांची जागा एकत्र करून २४ × ३६ मि.मी. असे माप घेतले आणि त्यासाठी छोटा कॅमेरा बनविला. त्याचा पहिला नमुना १९१३ च्या सुमाराचा. ‘लायका’ या नावाने तो बाजारात आला १९२५ साली. १९३४ मध्ये कोडॅक कंपनीने हीच फिल्म उजेडातही भरता येईल अशा डबीत घालून विक्रीस आणली आणि डबीला १३५ हा क्रमांक दिला. ती डबी कोडॅकने आपल्या कॅमेऱ्यापुरती ठेवली नाही. लायकात आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती बसे. या एका गोष्टीचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

आता मापे पाहू. २४ × ३६ मि.मी.च्या चित्राचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी. भरते. त्याच फिल्मवर निम्म्या जागेत चित्र घेणाऱ्या अर्ध-चौकटीच्या कॅमेऱ्याचे ४३२. १९६३ साली कोडॅकने ‘इन्स्टामॅटिक’ कॅमेऱ्याबरोबर आणलेल्या १२६ क्रमांकाच्या फिल्मचे चित्र चौरस होते. बाजू सुमारे २८ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ ३५ मि.मी.च्या चित्राहून थोडेच कमी. १९७२ सालच्या ११० क्रमांकाच्या खिशातील कॅमेऱ्याचे चित्र १३ × १७ मि.मी., म्हणजे २२१ चौरस मि.मी. १९८२ साली निघालेल्या चकतीच्या कॅमेऱ्यात एका चपट्या चकतीवर पंधरा चित्रे येत आणि प्रत्येकाचे माप सुमारे ८ × १० मि.मी. असे. १९९६ च्या ‘एपीएस’ पद्धतीचे चित्र १६.७ × ३०.२ मि.मी. होते. वॉल्टर झॅप याने रीगा शहरात तयार केलेल्या ‘मिनॉक्स’ या हेरगिरीसाठी गाजलेल्या कॅमेऱ्याचे चित्र ८ × ११ मि.मी.चे, पण तो कॅमेरा शाळेच्या कामाचा नव्हे, तेव्हा त्याचा नामोल्लेख पुरे.

हे आकडे नुसते वाचून अर्थबोध होत नाही. त्यांना मोहोराजवळ नेऊन उभे केले पाहिजे. समजा, दीड मीटर अंतरावरून ६ मि.मी.च्या एका फुलाचे चित्र घेतले. ३५ मि.मी.च्या कॅमेऱ्याचे भिंग ४० मि.मी. नाभीय अंतराचे असेल, तर फिल्मवर फुलाची प्रतिमा सुमारे ०.१६ मि.मी. पडेल. अर्ध-चौकटीच्या कॅमेऱ्यात, २८ मि.मी.च्या भिंगाने, ती ०.११ मि.मी. होईल, ११० च्या कॅमेऱ्यात, सुमारे २५ मि.मी.च्या भिंगाने, ०.१० मि.मी.; चकतीच्या कॅमेऱ्यात, त्याच्या १२.५ मि.मी.च्या भिंगाने, केवळ ०.०५ मि.मी. साधी फिल्म आणि साधे भिंग मिळून एका मिलिमीटरात पन्नास रेघजोड्या वेगळ्या दाखवितात असे धरले, तर एका जोडीला ०.०२ मि.मी. जागा लागते. पहिल्या कॅमेऱ्यात त्या फुलाच्या वाट्याला आठ जोड्या आल्या, चकतीत अडीच. आठ जोड्यांत पाकळ्या ओळखता येतील. अडीचमध्ये तेथे फिकट ठिपका आहे एवढेच कळेल. तो फूल आहे की तुडतुडा, हे सांगता यावयाचे नाही. पोस्टकार्डाएवढी प्रत काढावयाची तर ३५ मि.मी.चे चित्र चार-सव्वाचार पट मोठे करावे लागते, चकतीचे बारा पटींहून अधिक. फिल्मवर नसलेला तपशील मोठा केल्याने उत्पन्न होत नाही. चांदीच्या कणांची रवाळ तेवढी उठून दिसते.

येथे लहान फिल्मच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, कारण टीकाकार ती सहसा सांगत नाहीत. चित्राचे माप निम्मे केले आणि दृश्याचा कोन व भिंगाचे छिद्रमान तेच ठेवले, तर जवळच्या ज्या अंतरापासून पुढचे सारे स्पष्ट दिसू लागते, ते अंतरही निम्मे होते. ३५ मि.मी.च्या कॅमेऱ्यात ४० मि.मी.चे भिंग छिद्रमान ८ वर ठेवून उत्तम जुळवले, तर सुमारे सव्वातीन मीटरांपासून क्षितिजापर्यंत चित्र स्पष्ट येते. निम्म्या मापाच्या कॅमेऱ्यात हीच मर्यादा सव्वा-दीड हातांनी नव्हे, चांगली दीड-पावणेदोन मीटरांवर येऊन ठेपते. म्हणूनच ११० च्या कॅमेऱ्यात अंतर जुळविण्याची खटपट काढून टाकता आली. ती सोय जाहिरातदाराच्या डोक्यातून निघालेली नाही, ती प्रकाशशास्त्राची देणगी आहे. जो माणूस अंतर जुळविण्यात दर वेळी चुकतो, त्याच्या हातून ११० च्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र ३५ मि.मी.च्या अस्पष्ट चित्राहून खरोखरच सरस येईल.

सोयींचा खरा प्रारंभ इन्स्टामॅटिकपासून धरावा. त्यापूर्वी रोल भरणे हे घरातील एखाद्या जाणत्या माणसाचे काम असे. फिल्मची जीभ खाचेत अडकवावयाची, दाते छिद्रांत बसले की नाही ते पाहावयाचे, आणि शेवटी फिल्म परत गुंडाळल्याशिवाय पाठ उघडावयाची नाही. एकाने घाईत पाठ उघडली की सहलीची सारी चित्रे गेली! १२६ च्या बंद पेटीने हा धाक संपविला. पेटी एकाच रीतीने बसे, उलटी बसतच नसे. तिच्या कडेच्या खाचेवरून काही कॅमेऱ्यांना फिल्मची शीघ्रता आपोआप कळे, आणि फिल्म परत गुंडाळण्याची गरजच नव्हती. पहिल्या सात-आठ वर्षांत असे पाच कोटींहून अधिक कॅमेरे तयार झाले. ज्या घरांत कॅमेऱ्याला कोणी हात लावू देत नसत, त्या घरांतील मुलांनी आणि आयांनी प्रथमच चित्रे घेतली. हे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

परंतु पेटीने एक काम कॅमेऱ्याकडून काढून आपल्याकडे घेतले होते. भिंगासमोर फिल्म सपाट धरणे हे कॅमेऱ्याच्या पाठीवरील दाबपट्टीचे काम. १२६ मध्ये आणि ११० मध्ये ते प्लॅस्टिकच्या पेटीवर सोपविले गेले. उत्तम भिंगाचा महाग कॅमेरा घेतला तरी त्याच्या चित्राची धार शेवटी काही आण्यांच्या प्लॅस्टिकवर अवलंबून राहिली. चकतीच्या कॅमेऱ्यात फिल्म जाड आणि सपाट होती, त्यामुळे ही अडचण नव्हती. तेथे दुसरी आली. एवढ्याशा चित्राची चांगली प्रत काढण्यासाठी प्रयोगशाळेला खास भिंगे घ्यावी लागत आणि अनेकांनी ती घेतली नाहीत. ग्राहकाला मात्र वाटे की आपलाच हात हलला.

भारतात या प्रकारांचा क्रम निराळा लागला. १९९१ पर्यंत परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ घरांत पहिला कॅमेरा आला तो वडोद्यात तयार होणारा आग्फा ‘क्लिक थ्री’. तो १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर सहा सेंटिमीटर बाजूची बारा चौरस चित्रे घेई. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या आणि १९६७ पासून उत्पादन करू लागलेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने ‘इंदू’ या नावाने देशी फिल्म पुरविली. तो कारखाना आता बंद पडला आहे. १९८० च्या दशकात ‘हॉट शॉट’ या देशी नावाने ११० चा कॅमेराही येथे आला आणि लग्नसमारंभांतून दिसू लागला. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. आपल्या कपाटांतील आजोबांच्या काळच्या व्यस्त प्रती, म्हणजे स्टुडिओत ज्यांना निगेटिव्ह म्हणतात त्या, वडिलांच्या काळच्या प्रतींहून कितीतरी मोठ्या आहेत. साध्या एका भिंगाच्या क्लिक थ्रीने काढलेले चित्र आजही मोठे करता येते. त्याच्यानंतरच्या, अधिक सोयीच्या कॅमेऱ्याने काढलेले येत नाही. नवे ते अधिक चांगले हा समज येथे उघड उघड खोटा ठरतो.

पुन्हा आमराईत जाऊ. १०० शीघ्रतेच्या फिल्मला लख्ख उन्हात छिद्रमान १६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग एवढे उद्‌भासन पुरते. गर्द सावलीत छिद्रमान ४ लागते, म्हणजे प्रकाश सोळा पटींनी कमी असतो. ज्या कॅमेऱ्यात छिद्र आणि झडप दोन्ही कायमची ठरलेली, किंवा ‘ऊन’ आणि ‘ढग’ अशा दोनच खुणा, त्याला मधला कोठला तरी आकडा धरून बनविलेले असते. रंगीत निगेटिव्ह फिल्म अधिक प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश फारसा सोसत नाही. परिणाम असा की जुन्या, दाट आमराईत काढलेले चित्र मळकट, तपकिरी आणि रवाळ येते. ज्या सावलीमुळे आतल्या फांद्यांवर फळ धरत नाही, त्याच सावलीने चित्रही धरत नाही. येथे फिल्मच्या मापाचा संबंध नाही. छिद्र बदलता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मग जपानी कॅमेऱ्यांनी आणलेल्या सोयींकडे वळावे, तर तेथेही सावध राहावे लागते. १९७५ साली कोनिका कंपनीने कॅमेऱ्यातच झगझगाटाचा दिवा, म्हणजे फ्लॅश, बसविला. १९७७ मध्ये त्याच कंपनीने आपोआप अंतर जुळविणारा पहिला कॅमेरा विक्रीस आणला. १९८३ पासून १३५ च्या डबीवर चौकोनी विद्युत्‌-संपर्क छापले जाऊ लागले आणि फिल्मची शीघ्रता कॅमेऱ्याला स्वतःच वाचता येऊ लागली. दिवाणखान्यात हे तिन्ही उपयोगी पडतात. झाडाखाली फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. जवळची चार पाने आरशासारखी चकाकतात आणि मागचे झाड काळेच राहते. अवरक्त किरणांनी अंतर मोजणारा कॅमेरा चौकटीच्या मधोमध जे असेल त्यावर भरवसा ठेवतो. तेथे पानांमधली फट आली तर तो मागची भिंत स्पष्ट दाखवितो आणि पुढचा मोहोर धूसर. यंत्र चुकले असे म्हणता येत नाही. त्याला मोहोर म्हणजे काय ते ठाऊकच नसते. ज्या कॅमेऱ्यात असा निर्णय माघारी घेण्याची सोय नाही, तो अभ्यासाच्या कामी घेऊ नये. डबीवरील शीघ्रता वाचण्याची सोय मात्र निःसंकोच स्वीकारावी. ती विसरभोळ्या माणसाला मदत करते आणि त्याच्याकडून काही काढून घेत नाही.

सोयींमध्ये सर्वांत प्रामाणिक कोणती, असे विचारल्यास १९६१ सालच्या ‘ऑलिंपस पेन ईई’ या अर्ध-चौकटीच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवावे लागेल. पेन मालिकेचा आरंभ १९५९ मध्ये योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने केला. ‘ईई’मध्ये भिंगाभोवती सेलेनियमचे वलय होते. पडणाऱ्या प्रकाशातूनच त्याला वीज मिळे, त्यामुळे सेल लागत नसे. प्रकाश अपुरा असेल तेव्हा दृश्यदर्शकात लाल पट्टी वर येई आणि झडप उघडतच नसे. खराब चित्र काढून देण्यापेक्षा नकार देणारे यंत्र विद्यार्थ्याला अधिक शिकविते. पुढच्या काळातील पुष्कळ कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक पाऱ्याच्या सेलवर चालत; ते सेल आता मिळत नाहीत, म्हणून ते मापक अडून बसले आहेत किंवा चुकीचे आकडे दाखवितात. सेलेनियमचे जुने मापकही कालांतराने मंदावतात, पण ते तपासून घेता येतात.

‘एपीएस’ची गोष्ट थोडी खेदकारक आहे. कोडॅक, फुजी, कॅनन, मिनोल्टा आणि निकॉन या पाच कंपन्यांनी मिळून ती पद्धत ठरविली होती आणि लहान फिल्मच्या इतिहासात एवढी विचारपूर्वक आखणी दुसरी झाली नसेल. फिल्म धुतल्यावर त्याच डबीत परत येई, हाताचे ठसे उमटत नसत. सोबत सर्व चित्रांची एक सूचिपत्रिका मिळे. फिल्मवरील चुंबकीय थरात तारीख व इतर माहिती लिहिली जाई. ग्रंथपालाला हर्ष व्हावा अशी ही व्यवस्था! लांबट ‘विहंगम’ चित्राची सोय मात्र फसवी होती. त्यासाठी अधिक फिल्म वापरली जात नसे. त्याच चित्राचा वरचा-खालचा भाग कापून उरलेला मोठा केला जाई. ही पद्धत १९९६ मध्ये आली आणि २०११ मध्ये तिची फिल्म बनणे थांबले. पंधरा वर्षे! दशहरीचे कलम लावल्यापासून झाड ऐन भरात येण्यास जो काळ लागतो, त्यापेक्षा हे आयुष्य फारसे अधिक नाही. चकतीची फिल्म विसावे शतक संपता संपता नाहीशी झाली. १२६ चीही गत पुढच्या काही वर्षांत तीच झाली. ११० देखील मेलीच होती. २०१२ मध्ये लोमोग्राफी या संस्थेने ती पुन्हा तयार करण्यास आरंभ केला, एवढ्यावर ती तग धरून आहे.

आणि १३५? ती नव्वद वर्षे चालू आहे. तिचे रूप सर्वांत ओबडधोबड. तिची जीभ अजूनही खाचेत अडकवावी लागते. ती टिकली याचे कारण तिच्यावर कोणा एकाची मालकी नव्हती, हे होय. एका देशातील कारखाना बंद पडला तर दुसऱ्या देशातील फिल्म त्याच कॅमेऱ्यात बसते. बंद पेटीच्या प्रत्येक सोयीत कॅमेरा, फिल्म आणि धुलाई यांची साखळी एका हाती गेली होती. तो हात सुटला तेव्हा कॅमेरे बिघडले नव्हते. निकामी झाले ते धडधाकट कॅमेरे. कोडॅकचीच कोडाक्रोम ही रंगीत फिल्म याचे दुसरे उदाहरण. ती सर्वसामान्य १३५ च्या डबीत मिळे, पण तिची धुलाई इतकी विशिष्ट होती की २००९ मध्ये उत्पादन आणि त्यानंतर लवकरच शेवटच्या प्रयोगशाळेतील काम थांबल्यावर न धुतलेले रोल आता केवळ कृष्णधवल चित्रेच देऊ शकतात. माप सार्वजनिक असून भागत नाही. धुण्याची कृतीही सार्वजनिक असावी लागते.

एवढ्यावरून शाळेने किंवा ग्रंथालयाच्या मंडळाने कोणता कॅमेरा घ्यावा, हे सांगणे अवघड नाही. छिद्र, झडप आणि अंतर ही तिन्ही हाताने बदलता येतील असा ३५ मि.मी.चा साधा, जुना, सुस्थितीतील कॅमेरा प्रथम घ्यावा. दुसरा घेण्याची ऐपत असेल तर तो अर्ध-चौकटीचा असावा. त्याची फिल्म तीच आहे, खर्च निम्मा आहे, आणि फिल्म आडवी चालत असल्यामुळे त्याचे चित्र स्वभावतः उभे पडते. फाळक्यांच्या चित्राएवढेच माप, केवळ एक काटकोन फिरविलेले! झाडाला आणि मोहोराच्या तुऱ्याला ते शोभते. हा प्रकार केवळ जुन्या बाजारापुरता उरलेला नाही; २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा नवा अर्ध-चौकटीचा कॅमेरा काढला आहे. छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रे येतात. फेब्रुवारीच्या १० तारखेस एक झाड निवडून रोज एक चित्र घेतले, तर मोहोर फुटण्यापासून कैऱ्या धरण्यापर्यंतचा सारा काळ, २२ एप्रिलपर्यंत, एका रोलवर बसतो. ही सोय आहेच, आणि तिच्यात एक धोकाही आहे. लखनौकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उष्णतेने फिल्म लवकर म्हातारी होते आणि उमटलेली पण न धुतलेली प्रतिमा फिकट होऊ लागते. म्हणून रोल संपला की तो लगेच धुवावयास द्यावा. कॅमेरा पत्र्याच्या कपाटात किंवा मोटारीत ठेवू नये.

खिशातील फोनने हीच चित्रे फुकट आणि अधिक स्पष्ट निघतात, मग ही उठाठेव कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो बिनतोड आहे, विशेषतः बागायतदाराच्या दृष्टीने. रोगट तुरा सकाळी दिसला तर त्याचे चित्र दुपारपर्यंत तज्ज्ञाकडे पोचले पाहिजे. त्याने रोल संपण्याची वाट पाहत बसू नये. शाळेची गोष्ट वेगळी आहे. फोनमध्ये अंतर, छिद्र आणि वेळ यांविषयीचे निर्णय कोणी, कोठे घेतले हे विद्यार्थ्याला दिसतच नाही. आणि चित्रे ज्या साठ्यात जातात त्याची किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच हाती असते. १२६ च्या पेटीविषयी जे प्रश्न विचारले, ते सर्व त्या साठ्याविषयीही विचारता येतात. हे प्रश्न मुलांना समजतात ते हाताने छिद्र उघडझाप करून पाहिल्यावर.

मलिहाबादेत एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमे बांधल्याबद्दल प्रसिद्ध झालेले कलीमुल्ला खान यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. अशा झाडाचे एखादे चित्र काढून काही साधत नाही. फांदी-फांदीचे, पानाफळाचे, नावनिशीवार चित्र पाहिजे, आणि ते दहा वर्षांनी दुसऱ्याला पुन्हा मोठे करून पाहता आले पाहिजे. निगेटिव्ह जपून ठेवण्याची सवय म्हणूनच कॅमेऱ्याच्या निवडीइतकी महत्त्वाची आहे. छापील प्रती वाटल्या जातात आणि हरवतात. निगेटिव्ह असली तर नवी प्रत काढता येते. झाड असले म्हणजे कलम बांधता येते, हे मलिहाबादच्या बागवानाला कोणी सांगावे लागत नाही.

गावोगावच्या ग्रंथालयांना एक काम मात्र लगेच हाती घेता येईल. अनेक घरांत ११० च्या, १२६ च्या पेट्या आणि चकत्या पडून आहेत. काही तर अजून धुतलेल्याही नाहीत, कारण त्या कोठे द्याव्यात हे कोणाला ठाऊक नाही. रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याची रासायनिक कृती बहुतेक सर्वत्र एकच असल्यामुळे त्या अजून धुता येतात. केवळ त्या मापाची फिरकी किंवा धारक बाळगणारी प्रयोगशाळा शोधावी लागते, आणि अशा प्रयोगशाळा वर्षागणिक कमी होत आहेत. ग्रंथालयाने आपल्या भागातील अशा पेट्या नोंदवहीत उतरवून घ्याव्यात. घराचे नाव, अंदाजे वर्ष, फिल्मचा क्रमांक आणि धुतली आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत. पुरेशा जमल्या की त्या एकत्र धाडाव्यात. धुतलेल्या पट्ट्या कापून कागदी पाकिटांत, आडव्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. पाकिटावर तारीख शिसपेन्सिलीने आणि पट्टी आत घालण्यापूर्वीच लिहावी; आत पट्टी असताना दाबून लिहिले तर त्याचा वळ चित्रावर उठतो.